सुगंधाक्काची हाक

बीदरला जायचं तर किल्ला बघावा, चांदीच्या तारा बसवलेली एखादी काळी बिदरी फुलदाणी घ्यावी आणि संध्याकाळच्या बसने हैदराबाद गाठावं, असा सल्ला मला तिघांनी दिला होता. मी दोनदा गेलो. किल्ला लांबून पाहिला आणि फुलदाणी राहूनच गेली. मी गेलो होतो गाणी आणायला. ती आणलीही. त्याचं काय झालं ते सांगतो. त्या भागात जो गेला नसेल त्याला थोडी वाटेची माहितीही मिळेल.

ते दिवस कॅसेटचे होते. ज्याच्याकडे दोन मायक्रोफोन आणि ओळखीचा छापखाना होता, तो कॅसेट काढत असे. पुण्यातल्या अशाच एका लहान कंपनीत मी ध्वनिमुद्रणाचं काम करायचो. एक दिवस बीदरहून पत्र आलं, सरकारी अर्जासारखं, समास सोडून लिहिलेलं. ‘आमचा ख्रिस्ती रॉक बँड असून नवीन अल्बम तयार आहे. तरी ध्वनिमुद्रणासाठी यावे.’ आमचे मालक खूप हसले. ख्रिस्ती, रॉक आणि बीदर हे तीन शब्द एका ओळीत त्यांनी कधी वाचले नव्हते. सोबत बँडच्या पहिल्या अल्बमची घरगुती टेप होती, ती आम्ही लावली. दुसऱ्या गाण्यापर्यंत मालकांचं हसू थांबलं आणि तिसऱ्या गाण्याला त्यांनी मला विचारलं, सोलापूरच्या पुढे बस कुठली लागते.

बीदर

कोकणात ज्याला जांभा म्हणतात, तोच लाल दगड इथे समुद्रापासून इतक्या लांब, उंच पठारावर पसरलेला आहे. विहिरी त्यात खोदलेल्या, घरं त्याचीच, आणि वारा सुटला की दातांतही तोच. फेब्रुवारीतली हवा मात्र इतकी छान की पुण्याच्या हवेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने गप्प बसावं. स्टँडसमोरचा हॉटेलवाला गल्ल्यावरून गिऱ्हाइकाशी कानडीत बोलत होता, भटारखान्यात उर्दूत ओरडत होता आणि मी तोंड उघडल्याबरोबर माझ्याशी मराठीत आला. तिन्ही भाषांत त्याचा चहा सारखाच गोड होता.

रॉक बँडचा माणूस म्हणून मी लांब केसांचा, चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला कोणीतरी शोधत होतो. प्रत्यक्षात आला तो प्रभाकर, तालुका कचेरीतला कारकून. तेल लावून चापून बसवलेले केस, खिशाला पेन, इस्त्रीची पँट. वय असेल सव्वीस-सत्तावीस. माझं ध्वनिमुद्रणाचं, स्पूलवर फीत फिरवणारं यंत्र त्याने बाळंतिणीच्या खोलीतून तान्हं मूल उचलावं तसं उचललं आणि सायकलच्या कॅरियरला न बांधता सगळी वाट हातात धरून चालला. माणूस मला तिथेच आवडला.

बँडचं नाव ‘चौथा प्रहर’. रात्रीच्या चौथ्या प्रहरी, वादळात सापडलेल्या होडीकडे येशू पाण्यावरून चालत आला, ती गोष्ट. नाव प्रभाकरच्या थोरल्या भावाने, मोहनने ठेवलेलं होतं. बँडही त्यानेच उभा केला होता. तीन वर्षांपूर्वी हैदराबादहून जुना अँप्लिफायर घेऊन गावाकडे येताना हमनाबादच्या अलीकडे ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली. मोहन गेला. अँप्लिफायरचा फक्त एक कोपरा चेमटला. बँडमधले चौघंजण अजूनही तोच वापरत होते, आणि त्या कोपऱ्यावर कोणी काही ठेवत नसे.

नवीन अल्बममध्ये आठ गाणी होती. मी देवळात फारसा न जाणारा माणूस, पर्वती चढतो ती व्यायामासाठी. उपदेशाची गाणी ऐकावी लागणार म्हणून मनाची तयारी करून आलो होतो. पण उपदेश कुठेच नव्हता. आटलेल्या विहिरीत दोर सोडून बसलेली बाई होती, बदलीच्या हुकुमाची वाट बघणारा मास्तर होता, सासरहून परत पाठवलेली बहीण होती. गिटार चिडून वाजे, ड्रम छातीवर पडे आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी कुठूनतरी, फार मोठ्याने नाही, पण ठामपणे, अजून आशा आहे एवढंच सांगितलं जाई. अल्बमचं नाव ‘उजाडायलंय’, म्हणजे आपलं उजाडतंय. मालक म्हणाले असते की हे पुण्यात कोणाला कळणार, म्हणून मी नाव त्यांना शेवटपर्यंत सांगितलंच नाही.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आम्ही खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि काम सुरू केलं. पहिलं कडवं संपता संपता डोक्यावरून विमान गेलं. बीदरला हवाई दलाचा तळ आहे आणि शिकाऊ वैमानिक तिथे सकाळपासून घिरट्या घालतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी आकाश फाटायचं. पोरांना त्याची इतकी सवय की ती वाजवत राहायची, आणि विमान गेल्यावर मी डोक्याला हात लावून का बसलोय ते त्यांना कळायचं नाही. दोन दिवसांत सात गाणी कशीबशी पदरात पडली. माझी चिडचिड इतकी वाढली की तिसऱ्या दिवशी मी ड्रमवाल्यालाच विमानाबद्दल जाब विचारला.

आठवं गाणं इथे करायचंच नव्हतं, असं तेव्हा प्रभाकरने सांगितलं. ते त्याच्या गावी करायचं होतं, शनिवारच्या वर्षाच्या सभेत. मी विचारलं की असं त्यात काय आहे. मग त्याने मला त्यांच्याकडची रीत सांगितली.

त्यांच्या गावातली ख्रिस्ती माणसं वर्षातून एकदा, सुगी झाल्यावर, मोकळ्या रानात प्रार्थनेला जमतात. शेवटच्या गाण्यात मधेच वाद्यं थांबतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल तो उठतो आणि त्या माणसाला नावाने हाक मारतो, शेतातल्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी. सगळी सभा एका सुरात उत्तर देते, ‘भेटू’. बस, एवढंच. ज्याची हाक झाली त्याचं घर सुतकातून मोकळं झालं असं मानतात. हाक एकदाच मारायची, आणि ज्याचं माणूस त्यानेच मारायची. दुसऱ्याच्या माणसाला हाक मारणं हे त्यांच्या कल्पनेतच बसत नाही.

“आमच्याकडं आई असेपर्यंत पोराला हाक आईची,” प्रभाकर म्हणाला. “मला मारता येत न्हाई. तीन वर्सं झाली, अव्वा सभेत बसती, पर उठत न्हाई. मोहनअण्णाचं नावच घेत न्हाई ती. हे गाणं तिच्यासाठी बांधलाव आमी. तिनं हाक मारली तरच अल्बम पुरा व्हतो, न्हाईतर न्हाई.”

मी त्याला विचारलं की याही वर्षी ती उठली नाही तर काय. तो म्हणाला, मग सात गाण्यांचाच काढा.

राजेश्वरचा फाटा

टेम्पो ठरवला. ड्रायव्हर दख्खनी बोलणारा, तोंडात पान आणि इंजिनावर अतोनात माया. जरा चढ आला की, “साब, नक्को, गाडी हाँप री,” म्हणून उभा राहायचा. हमनाबाद मागे टाकून राजेश्वरच्या फाट्यावर आम्ही खाली उतरलो. हे गाव सोलापूर-हैदराबादच्या हमरस्त्यावर, त्यामुळे चहाच्या टपऱ्या भरपूर. तिथे सुसला खाल्ला. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन वर डाळं-शेंगदाण्याची पूड. आपल्याकडे चुरमुरे कोरडेच राहावेत म्हणून आपण धडपडतो आणि हे लोक मुद्दाम भिजवतात, म्हणून मी आधी नाक मुरडलं. मग दोन बश्या खाल्ल्या.

परत चढताना मागचं फळकूट नीट लागलं नाही आणि मोठा ड्रम घरंगळत हमरस्त्यावर गेला. समोरून येणारी बैलगाडी थांबली, गाडीवानाने ड्रम उचलून दिला आणि आत काय आहे ते विचारलं. येसूची गाणी, असं बेसवाला म्हणाला. गाडीवानाने गळ्यातलं लिंग सारखं केलं, ड्रमवर दोनदा थाप मारून पाहिली आणि आवाज बरा आहे असं सांगून निघून गेला.

तिथून मुडबीच्या अंगाने आत वळलो. काळी जमीन, कापलेली जोंधळ्याची रानं, मधूनच करडईचे पिवळे पट्टे. ज्या वाडीत गेलो तिचं नाव मी लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

वाडी

प्रभाकरच्या आईला सगळे सुगंधाक्का म्हणत. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. शाळेच्या वसतिगृहात पंचवीस वर्षं पोरांना रांधून वाढलेलं, त्यामुळे समोर माणूस दिसला की ताट मांडायचं एवढंच तिला माहीत. पुण्यात पाहुण्याला ‘काय घेणार’ असं विचारतात आणि पाहुणा ‘काही नको’ म्हणतो. इथे विचारण्याची पद्धत नाही. मी बूट काढेपर्यंत ताट आलं. पापडासारखी कडक भाकरी, पुंडीची भाजी, म्हणजे आपली अंबाडीच, शेंगांची चटणी आणि तिच्यात खड्डा करून ओतलेलं कच्चं तेल. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथीला नको म्हणालो तर तिने मला, तुझी आई आहे का, असं विचारलं. मी आहे म्हणालो. मग तिला काय सांगशील, तिकडे उपाशी राहिलो म्हणून, असं म्हणत तिने भाकरी मोडून ताटात टाकली.

मोहनबद्दल ती बोलत नव्हती असं नाही, पण नाव टाळायची. ‘थोरला’ म्हणायची. थोरल्याला ही भाजी आवडायची, थोरल्याने हा खिळा ठोकला. भिंतीवर त्याचा गिटार घेतलेला फोटो होता, आणि त्याच्याखालून जाताना ती दर वेळी पदर सारखा करत होती. मी फार हळवा नाही, पण मला त्या बाईने शनिवारी उठावं असं मनापासून वाटायला लागलं. आणि खरं सांगायचं तर ती उठावी आणि ते माझ्या फितीवर यावं, असंही वाटायला लागलं. असला आवाज पुण्यात कोणी ऐकला नव्हता. आपल्या कानांचा आणि यंत्राचा मला त्या वयात फार गर्व होता.

शनिवारी सकाळी नऊ वाजता सभा भरली. कापलेल्या रानात कडब्याच्या गंजींमध्ये मांडव घातलेला. जनरेटर लांब विहिरीपलीकडे नेऊन, त्याभोवती पेंढ्या रचून मी त्याचा आवाज मारला होता. अडीचशे माणसं तरी असतील. वडीलधारे सायमनअप्पा सभा चालवत होते. ते त्या वाडीतले जुने उपदेशक. मला वाटलं होतं, म्हाताऱ्यांना हे ड्रम-गिटार खपणार नाही. पण सायमनअप्पा पहिल्या रांगेत मान डोलावत बसले आणि बायका टाळ्यांनी ताल धरून होत्या. एका म्हातारीने मात्र कानात कापूस घातला होता, आणि कापसासकट तीही गात होती.

शेवटचं गाणं सुरू झालं. प्रभाकरचा आवाज तसा साधाच, पण त्या दिवशी तो वेगळा लागला होता. दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम थांबला, मग बेस, मग गिटारची एकच तार घुमत राहिली आणि तीही विरली. एक म्हातारा उठला. “शांते, ये शांते.” आणि अडीचशे माणसं म्हणाली, “भेटू.” माझ्या अंगावर काटा आला. फीत फिरत होती, यंत्रावरचा आवाजाचा काटा बरोबर जागेवर होता. मग एका तरुण बाईने नवऱ्याला हाक मारली. मग दोघा भावांनी बापाला. प्रत्येक हाकेला तेच उत्तर, त्याच सुरात.

मग कोणी उठलं नाही. शांतता झाली. मी हातातल्या घड्याळात पाहिलं. अर्धं मिनिट. एक मिनिट. पुण्यातल्या कार्यक्रमात एवढी शांतता पडली तर कोणीतरी खोकतं, निवेदक धावतो, पडदा पडतो. दोन मिनिटं झाली. सुगंधाक्का मांडी घालून जमिनीकडे बघत बसली होती. स्पूलवर फीत थोडीच उरली होती आणि शेवटचं कडवं तर हवं होतं. नाही उठणार ती, असं मी ठरवलं. मी ठरवलं. त्या अडीचशे माणसांतल्या एकानेही ठरवलं नव्हतं. सायमनअप्पा आमेन म्हणेपर्यंत हाकेची वेळ संपत नाही, हे मला सांगितलेलं होतं. तरी मी यंत्र थांबवलं आणि दुसरं स्पूल चढवायला घेतलं.

फितीचं टोक खाचेत घालत होतो तेव्हा ती उठली. पदर खोचला, कडब्याच्या गंजीपलीकडे रानाच्या टोकाकडे तोंड केलं आणि हाक मारली.

“मोहन. ये मोहन, ये रे.”

रडली नाही. आवाज मोठा होता, थोडा रागाचाही, जेवण निवत चाललंय म्हणून मारलेली हाक असावी तसा. आणि सभेने जे ‘भेटू’ म्हटलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्या उत्तरात तीन वर्षांचं थांबणं होतं. प्रभाकरने गिटार तशीच सोडली आणि तो आईकडे धावला. सायमनअप्पा उघड रडत होते. माझ्या हातात फितीचं टोक होतं.

गर्दीतून प्रभाकर माझ्याकडे आला. तोंड ओलं, हसत होता. “आलं का?” त्याने विचारलं.

मी आलं म्हणालो.

तो एक शब्द मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या क्षणी त्याचं तोंड बघून दुसरं काही निघालं नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण तेही पूर्ण खरं नाही. मला माझी चूक कबूल करायची लाज वाटली. तेव्हाच सांगितलं असतं तर तो हळहळला असता, कदाचित रागावला असता, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत विसरलाही असता. आई उठली होती, याहून मोठं त्याला काही नव्हतं.

पुणे

पुण्यात आल्यावर मी ते शेवटचं गाणं कंपनीत लावलंच नाही. पंधरा दिवस सात गाण्यांवरच काम केलं. पण प्रभाकरचं पत्र आलं, आठव्याची सगळी वाट बघतायत म्हणून. हाक नसलेलं गाणं पाठवणं शक्य नव्हतं. मी त्याला खरं कळवू शकलो असतो. एका पोस्टकार्डाचं काम होतं. त्याऐवजी मी वसुधाताईंना बोलावलं.

वसुधाताई कोरसमध्ये गाणाऱ्या, नाटकात कामं केलेल्या. पोटी एक मुलगी, ती तेव्हा शाळेत. त्यांना मी सांगितलं की एका आईने मुलाला मारलेली हाक हवी आहे. त्यांनी कसली आई, कुठली, काही विचारलं नाही, त्यांचा तो धंदाच. दोनदा सराव केला आणि तिसऱ्या वेळी ‘ये मोहन’ म्हणताना शेवटी आवाज असा फाटला की काचेपलीकडे मीसुद्धा मान खाली घातली. काम झाल्यावर त्या घड्याळ बघत निघून गेल्या, कारण मुलीला शाळेतून आणायचं होतं.

मग मी फीत कापायचं ब्लेड घेतलं. तरुण बाईच्या नवऱ्याला सभेने दिलेलं ‘भेटू’ कापून काढलं, त्याची एक प्रत केली आणि वसुधाताईंच्या हाकेनंतर चिकटवली. हाकेमागे वाडीतल्या वाऱ्याचा आवाज भरला. सांधा इतका बेमालूम जमला की मालकांनी पाठ थोपटली. मलाही, कबूल करायला हवं, फार बरं वाटलं. त्यांच्या गाण्याला जे हवं होतं ते मी मिळवून दिलं, असं मी धरून चाललो. प्रभाकरला आवाज ओळखू येईल, हा विचार आला तेव्हा मी स्वतःला सांगितलं की यंत्रातून आवाज बदलतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं.

कॅसेट पावसाळ्यात निघाल्या. खोकं बसने बीदरला पाठवलं आणि दसऱ्याच्या सुमारास मी स्वतः निघालो. प्रकाशनाला या, असं प्रभाकरनेच पूर्वी लिहिलं होतं. खोकं पोचल्यानंतर मात्र त्याची फक्त एक ओळ आली. ‘राजेश्वरच्या फाट्यावर उतरा.’

पुन्हा वाडी

फाट्यावर तो सायकल घेऊन उभा होता. मी सुसला खाऊ या म्हणालो, तो जेवून आलोय म्हणाला. तुरीची रानं कमरेइतकी वर आली होती, सगळीकडे हिरवं, फेब्रुवारीत पाहिलेला हाच मुलूख का असं वाटावं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यावर दोन पानं लिहिली असती. सायकल टपावर टाकून आम्ही मुडबीकडे जाणाऱ्या गाडीत शेजारी बसलो. उतरल्यावर सायकल हातात धरून चालताना म्हणाला, “माझ्या आईचा आवाज मला कळत न्हाई व्हय, साहेब?”

मी सगळं सांगितलं. स्पूल, घड्याळ, ब्लेड, सगळं. शेवटी मी माफी मागितली. तो म्हणाला, माझी मागू नका. अव्वाने कॅसेट ऐकलीय, रोज ऐकतेय. मी तिला काही सांगितलं नाही. ते तुम्ही सांगायचं.

सुगंधाक्काच्या ओसरीवर पाच-सहा बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून ती खूश झाली. वाळला आहेस म्हणाली, पाणी दिलं, आतून पाट आणला. मी पाटावर बसलो आणि बोलायचं म्हणून घसा साफ केला. प्रभाकर खांबाला टेकून उभा राहिला.

“अक्का, त्या कॅसेटमधल्या हाकेबद्दल सांगायचं होतं,” मी म्हणालो.

“मीबी तेच इचारनार व्हते,” ती म्हणाली. “ती बाई कोन हाय, अण्णा? तिचाबी मोहनच व्हय?”

ती माझ्या समोर उकिडवी बसली आणि हळूहळू, एखाद्याच्या घरचं दुखणं विचारावं तशी बोलायला लागली. स्वतःची हाक यंत्रात आली नाही हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. त्याचं तिला काही नव्हतं. तिची हाक ज्याला मारायची त्याला पोचली, यंत्रात कामून पाहिजे, असं ती म्हणाली. पण ही दुसरी बाई ऐकली आणि तिला झोप लागेना. आवाज पार फाटलेला. पहिल्या वर्षाचं दुःख असंच असतं, माझाही तेव्हा असाच फाटला असता, म्हणूनच तर मी उठत नव्हते. आता कोणी दुसऱ्याच्या पोराला अशी हाक मारेल का? तेव्हा पोर तिचंच. नावही मोहनच. देवाची करणी, दुसरं काय.

“आन मागून जे ‘भेटू’ हाय ते आमच्या मानसांचं हाय,” ती म्हणाली. “मी वळखलं. सायमनअप्पाचा आवाज हाय त्यात. तिकडं पुन्यात तिला ‘भेटू’ म्हनायला कोन नसंल, म्हनून तुमी आमचं दिलंत. लई चांगलं केलंत, अण्णा.”

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शेंगा फोडायच्या थांबवून सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडावर तेच होतं. मी काहीतरी मोठं पुण्य केलं होतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, वाटभर मी ते घोळवलं होतं. पण आता ते वाक्य पुरेसं नव्हतं. तुझ्या हाकेच्या जागी मी दुसरीची चिकटवली, एवढं सांगायची माझी तयारी होती. तू जिच्यासाठी जागतेस तशी पोर गेलेली आई कुठे नाहीच, असं सांगायची नव्हती. मी प्रभाकरकडे पाहिलं. त्याने मदत केली नाही, आणि करावी तरी का.

सुगंधाक्का सांगत होती की त्या सगळ्या रोज सकाळी तिच्यासाठी प्रार्थना करतात. पण नाव माहीत नसल्यामुळे नुसतं ‘पुण्याची बाई’ म्हणावं लागतं, आणि देवापुढे असं बिननावी बोलताना तिला चुकल्यासारखं वाटतं.

“नाव काय तिचं?” तिने विचारलं.

मी सांगितलं. “वसुधा.”

“वसुधा,” ती म्हणाली. लक्षात राहावं म्हणून आणखी एकदा म्हणाली, आणि मग मागे वळून बायकांना सांगितलं. त्यांनी आपसात ते नाव फिरवलं. एकीला ते नीट ऐकू आलं नाही, तर शेजारणीने तिच्या कानाशी लागून सांगितलं. शेंगांची सुपं बाजूला सरकली, पदर डोक्यावर आले आणि उन्हाच्या त्या ओसरीवर सगळ्यांनी माना खाली घालून डोळे मिटले. मलाही मिटावे लागले. सुगंधाक्का वसुधाताईंसाठी बळ मागत होती, त्यांच्या घरात पुन्हा उजाडावं म्हणून मागत होती. शेवटी सगळ्यांच्या बरोबरीने मी आमेन म्हणालो आणि डोळे उघडले. प्रभाकरने मिटलेच नव्हते. तो माझ्याकडे बघत होता.